महिन्याला एक कापडी पान: घरातल्या चिंध्यांतून जर्नल क्विल्ट कसं करायचं

गोधडी म्हटलं की सहा फुटाचा पसारा, आणि एवढं कोण शिवत बसणार म्हणून बऱ्याच जणी सुईला हातच लावत नाहीत. मी जे सांगून राहिली ते काम त्याच जातीचं आहे पण झेरॉक्सच्या कागदाएवढं. महिन्याला एक पान करायचं, त्या महिन्यात घरात वावरात जे झालं ते कापड, कागद, दोरा, पावती, बोंड जे हाती लागेल त्यानं मांडायचं, मागून अस्तर लावायचं, टाके घालायचे, तारीख टाकायची, झालं. याला जर्नल क्विल्ट म्हणतात. अमेरिकेत ह्यूस्टनला मोठा क्विल्ट फेस्टिवल भरतो, तिथं कॅरी ब्रेसनहन यांनी २००२ साली हा उपक्रम सुरू केला, माप ठरवून दिलं साडेआठ बाय अकरा इंच, उभं, आणि महिन्याला एक करायचं. हेतू हा की मोठी रजई बिघडायची भीती न बाळगता लहान तुकड्यावर नवीन काहीतरी करून पाहता यावं. आपण ए-फोर माप घेऊ, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर, कारण तो कागद प्रत्येक गावच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळते, तोच फर्मा म्हणून कापडावर ठेवता येते आणि पान झालं की शाळेच्या प्लास्टिक फाईलीत नेऊन लोकांना दाखवता येते.

आधी सामान. कापडासाठी बाजारात जायची गरज नाही हे मी ठासून सांगते. लग्नात, ओटीत, हळदीकुंकवात आलेले ब्लाऊज पीस प्रत्येक घरी पेटीत पडून असतात, मानपानातले टॉवेल आणि टोप्या असतात, आजीचं विरलेलं लुगडं असते, सत्कारात गळ्यात घातलेला दुपट्टा असतो. पोळ्याला बैलाच्या अंगावर टाकतो ती झूल फाटली तरी तिचे आरसे आणि रंगीत पट्ट्या काढून ठेवा. गावातल्या शिंप्याकडे कातरण मागा, तो पोतंभर देईल. टोपीचं पांढरं सुती कापड लिहायला आणि फोटो उतरवायला सगळ्यात चांगलं, अन् पातळ टॉवेल मधल्या थराला. कोणी भंडाऱ्याकडचं असेल तर कोशाचा म्हणजे टसर रेशमाचा एखादा तुकडा मिळवा, तिकडच्या करवत काठी साडीची किनार म्हणजे करवतीच्या दातासारखी नक्षी असते, ती पानात नुसती आडवी ठेवली तरी डोंगराची रांग उभी राहते. आणि वर्ध्याकडची खादी मिळाली तर रंग द्यायला तिच्यासारखं कापड नाही.

आहेरातले ब्लाऊज पीस बहुतेक मिक्स किंवा पूर्ण पॉलिस्टरचे असतात, इस्त्री गरम लागली की आकसतात नाहीतर चिकटतात. म्हणून प्रत्येक कापडाचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. कागद जळल्यासारखा वास आला अन् राख बोटानं चुरली तर सुती, टोकाला कडक मणी झाला तर त्यात प्लास्टिक आहे. दोन ढीग वेगळे करा. दोन्ही वापरायचे आहेत पण इस्त्री करताना माहीत पायजे. नवीन कापड असेल तर एकदा गरम पाण्यात भिजवून खळ काढून टाका, नाहीतर नंतर पान आकसून वाकडं होते.

आता थर. खाली अस्तर, मधात जाडी, वर पाया, आणि पायावर तुमचं चित्र. पाया मांजरपाटाचा घ्या. मधात जुनी फ्लॅनेल, विरलेलं ब्लँकेट नाहीतर टॉवेल. कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहतो तं मधात कापूसच भरावा असं प्रत्येकीला वाटते, भरता पण येतो, फक्त पिंजलेला घ्यायचा, एकसारखा पातळ पसरायचा, आणि टाके बोटभर अंतराच्या आत घालायचे, कारण मोकळा कापूस सरकून गोळे होतात. पहिल्या पानाला टॉवेलच बरा. तिन्ही थर ए-फोरपेक्षा चारही बाजूनं एक एक इंच मोठे कापा. टाके घातले की कापड ओढलं जाते आणि पान लहान होते, ते शेवटी कापून नेमकं करता येते.

रंगाचं थोडक्यात. पायाला चहाचं पाणी पुरेसं आहे, मातीचा रंग येतो. मार्चमध्ये पळस फुलला की फुलं उकळून त्यात तुरटी टाकून पिवळा काढा. हळदीचा रंग उन्हानं उडतो आणि साबण लागला की लाल होतो, म्हणून ज्या पानात रंग टिकायला पायजे तिथं हळद नको. काळ्यासाठी गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी डब्यात पंधरा दिवस झाकून ठेवा, आणि कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग ते लोखंडाचं पाणी ब्रशनं लावा, हात फिरला की काळी रेघ उमटते. फार घट्ट लावू नका, लोखंड जास्त झालं तर कापड कालांतरानं कुजते.

आता खरी गोष्ट, पानावर काय मांडायचं. इथं माझं मत पक्कं आहे, एका पानावर एकच गोष्ट. पेरणीचा महिना आहे म्हणून पाऊस, बैल, ढग, बी, माय, छत्री सगळं घातलं की काहीच दिसत नाही. एक वस्तू धरा. मृगात पाऊस नाही आला, तर कोरडं वावर. पोळ्याला झुलीतला एक आरसा. भुलाबाईच्या महिन्यात खिरापतीचा डबा. संक्रांतीला वाणात आलेली एखादी वस्तू. बोंडअळीनं पीक गेलं असेल तर तेही पान करा, हे काही फक्त सणासुदीचं काम नाही, ज्या महिन्यात जे झालं ते लिहायचं.

एक पान पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते म्हणजे हात बसेल. समजा कापूस वेचणीचा महिना आहे, पहिल्या वेचणीच्या आधी वावरात सीतादही केली, दहीभाताचा निवद दाखवला. चहात रंगवलेला मांजरपाट घ्या. तीन चार जुन्या साड्यांचे मातीच्या रंगाचे काठ आणि पट्ट्या काढा आणि कापू नका, फाडा. कडेला कात्रीनं एक चिरा द्या अन् दोन्ही हातानं टरकन ओढा, सुती कापड सरळ फाटते आणि कडेला दोरे सुटतात, त्या सुटलेल्या दोऱ्यानं वावरातले तास, म्हणजे नांगराच्या रेघा, दिसतात, कात्रीनं कापलेली कड तशी कधीच दिसत नाही. खालच्या अर्ध्या भागात या पट्ट्या आडव्या एकमेकीवर थोड्या थोड्या चढवत लावा. वर आभाळाला जागा मोकळी सोडा, ती भरायची घाई करू नका.

कापूस पांढराशुभ्र घेऊ नका, कवडी घ्या. पावसानं डागाळलेला, पिवळा पडलेला, बाजारात ज्याला भाव मिळत नाही तो. त्याच्यात पिवळा आहे, राखाडी आहे, पाल्याचे बारीक तपकिरी तुकडे अडकलेले असतात, रंगासाठी दुसरं काही लागत नाही. बोटानं उकलून पातळ करा, पट्ट्यांवर चार पाच ठिकाणी ठेवा, आणि त्याच्यावर फाटक्या ओढणीची किंवा पातळ साडीची जाळी पसरा. जाळी टाचणीनं धरा आणि कापसाच्या बाजूबाजूनं बारीक धावदोरा घाला. कापूस आत बंद होते पण दिसते. असंच दोऱ्याची कातरण, वाळलेली पाकळी, कणसाचे केस, पक्ष्याचं पीस काहीही जाळीखाली धरता येते. बोंडाची वाळलेली नख्या असलेली वाटी लावायची असेल तर तिला छिद्र पाडू नका, तडकते. तिच्या दोन नख्यांमधून दोरा आडवा उभा घेऊन पायाला बांधा, तीन चार ठिकाणी बांधलं की हलत नाही.

मग काटापट्टी. कापूस विकल्यावर मिळते ती पावती मूळ लावू नका, ती हिशोबाला लागते, झेरॉक्स काढा. झेरॉक्सचा रंग म्हणजे पावडर असते, ती कागदावरून कापडावर उतरवता येते, घरच्या इंकजेट प्रिंटरचं या पद्धतीनं उतरत नाही. झेरॉक्सवाल्याला सांगायचं मिरर करून दे, म्हणजे अक्षरं उलटी छापली जातात आणि कापडावर सुलटी येतात. टोपीच्या पांढऱ्या कापडावर ऍक्रेलिक मिडीयमचा (ऍक्रेलिक रंगात मिसळतात तो गोंदासारखा बिनरंगी द्रव) सारखा थर द्या, झेरॉक्स तोंड खाली करून ठेवा, हातानं दाबून हवेचे फुगे काढा, आणि रात्रभर विसरून जा. दुसऱ्या दिवशी मागून कागद ओला करा आणि बोटाच्या पेरानं गोल गोल घासत कागदाचा लगदा काढा. एकदा काढून वाळवलं की परत पांढरी साय दिसते, परत ओलं करून घासा, दोन तीन वेळा करावं लागते. नखानं खरडू नका. मिडीयमऐवजी फेविकॉल लावला तर चालते का असं पुष्कळ जणी विचारतात. घासायला पाणी लावलं की फेविकॉल मऊ होऊन अक्षरासकट सुटू शकतो, म्हणून तुकडा वाया घालवायची तयारी असेल तरच. थिनरनं पण झेरॉक्स उतरते, उलटा कागद ठेवून मागून थिनरचा बोळा दाबायचा, पण त्याची वाफ होते आणि ती लगेच पेटते, म्हणून चुलीपासून, गॅसपासून दूर, आंगणात बसून, आणि लेकरं जवळ नसताना.

उतरवलेली पावती फाडून दोन तुकडे करा आणि वेगवेगळ्या ठिकाणी लावा. अख्खी लावली तर पावतीच दिसते, तुकड्यातून वजनाचा एखादा आकडा दिसला की पान बोलायला लागते.

कागद थेट कापडावर शिवता येतो का, येतो, पण टाका लांब ठेवायचा. बारीक टाके घातले तर छिद्रांच्या ओळीवरच कागद फाटतो. कपाशीच्या बियाण्याचं चमकणारं पाकीट, बिस्किटाचा कागद, दवाखान्याची गोळ्यांची पट्टी यांचं पण तेच. आणि यांच्यावर इस्त्री अजिबात नाही. कागद मऊ करून घ्यायचा असेल तर पेपरकापड बनवा. खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक पसरा, त्याच्यावर पातळ सुती कापड, एक वाटी फेविकॉलला एक वाटी पाणी असं मिश्रण ब्रशनं लावा, वरून वर्तमानपत्र, कॅलेंडरचे तुकडे, लग्नपत्रिकेची आतली पानं, परत मिश्रण, आणि सगळ्यात वर हवा तर पतंगाचा कागद, त्याचा रंग ओला झाल्यावर पसरतो आणि फार छान डाग पडतात. वाळलं की प्लास्टिकवरून अख्खं सोलून निघते, प्लास्टिकला फेविकॉल धरत नाही. मे महिन्यात उन्हात ठेवलं तर जेवण होईपर्यंत तयार, श्रावणात दोन दिवस घरात दोरीवर. हे कापड कात्रीनं कापता येते, शिवता येते, दोरे सुटत नाहीत.

गोंदाबद्दल एक गोष्ट कान देऊन ऐका. गोंद फक्त तुकडा जागेवर थांबवायला आहे, धरून ठेवायचं काम टाक्याचं. पूर्ण तुकड्याला मागून फेविकॉल फासला की वाळल्यावर ते पुठ्ठ्यासारखं होते, सुई आत जात नाही, जोर लावला की सुई मोडते नाहीतर बोटात शिरते. मधोमध ठिपकाभर लावा, कडा मोकळ्या ठेवा. कणकेची खळ लावायची जुनी पद्धत आहे पण तिला कसर आणि झुरळं लागतात. शिंप्याकडे कॉलरला लावायचं चिकट बकरम मिळते, ते सुती तुकड्याच्या मागून इस्त्रीनं दाबलं की तुकडा कडक होतो आणि कडेचे दोरे कमी सुटतात, घर, बैल, पान असा नेमका आकार कापायचा असेल तेव्हा तेच वापरा. लाईनचा भरवसा नसतो म्हणून इस्त्रीची सगळी कामं एकदम उरकून घ्यायची.

आता टाके. पाया, टॉवेल, अस्तर तिन्ही एकावर एक ठेवा, हातानं सारखे करा, लांब लांब कच्चा टाका मधून कडेकडे घाला म्हणजे सुरकुत्या बाहेर जातात. मग पक्का धावदोरा, जसा आजीच्या गोधडीत असतो तसाच, तासाच्या पट्ट्यांवरून आडवा. एकाच रंगाचा नको, दोन तीन मातकट रंग बदलत जा. गोधडीत टाका समोरून तांदळाएवढा आणि मागून तेवढाच असं असते, इथं तेवढं काटेकोर असायची गरज नाही, वाकडा गेला तर वावरातले तास पण कुठं सरळ असतात. पट्टीची एक कड मोकळी, वर उचललेली राहू द्या, सावली पडते. ढेकळांना गाठीचा टाका, झाडाच्या काडीला उलटी टीप, पाल्याला साखळी. जाड सुतळी किंवा लोकर कापडातून ओढायची नाही, वर नुसती ठेवायची आणि बारीक दोऱ्यानं आडवे टाके घेऊन बांधायची. म्हाताऱ्या बायांच्या हातावर गोंदण असते, त्याचे ठिपके आणि चौकटी कागदावर काढून घ्या, त्यांना विचारून, गाठीच्या टाक्यात ते गोंदण असं उतरते की दुसऱ्या नक्षीची गरज पडत नाही.

अक्षरं शिवायची असली की लोक घाबरतात. आपल्या लिपीचं बरं आहे, डोक्यावर रेघ असते. आधी पेन्सिलीनं लिहा, जोडाक्षर कमीतकमी बोटाच्या पेराएवढं उंच ठेवा, त्याच्यापेक्षा लहान काढलं तर पोटातली जागा दोऱ्यानं भरून जाते आणि ते वाचता येत नाही. मग पहिल्यांदा शिरोरेषा, ती लांब दोरा ठेवून वरून बांधली की एकदम सरळ येते. त्याच्यानंतर एक एक अक्षर रेघेखाली उलट्या टिपेनं टांगत जायचं. गोलाई असेल तिथं टाका अर्धा करा, सरळ काना असेल तिथं एकच लांब टाका. कशिद्याच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन काढून घ्या, सहाच्या सहा घेतले तर अक्षर फुगते. मात्रा आणि अनुस्वार सगळ्यात शेवटी, अनुस्वाराला गाठीचा एक टाका. साधा बॉलपेन कापडावर वापरू नका.

पायानं चालवायच्या शिलाई मशीनवर पण हे काम होते आणि फार जलद होते. खालचे दात कापडाला लागू नये म्हणून ज्या मशीनचे खाली जातात ते खाली करा, नाहीतर टाक्याची लांबी शून्यावर आणून त्याच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा, सुई जायला छिद्र ठेवून. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, काढून टाका, कापड रिंगेत ताणा आणि दोन्ही हातानं रिंग फिरवत रेघ काढा, मशीन एम्ब्रॉयडरीवाल्या बाया करतात तशीच. फूट नसला तरी मागचा खटका खाली करायलाच लागतो, तो वर राहिला तर दोरा सैल राहून खाली जाळं होते. सुई १६ नंबरची, कागद आणि प्लास्टिक शिवून झालं की ती सुई बदला, बोथट होते. बोटं रिंगेच्या बाहेर. बोंड, मणी, आरसा जे जाड आहे ते मशीनचं काम संपल्यावरच हातानं लावायचं.

सगळं झालं की आता ए-फोरचा कागद वर ठेवा, सरकवून सरकवून पाहा चित्र कुठं बरं बसते, आणि मग कापा. कड बंद करायला साडीचा काठच घ्या, त्याची एक बाजू आधीच पक्की विणलेली असते म्हणून एकच कड मुडपावी लागते. काठ सुलट्या बाजूनं शिवायचा, मागं वळवून हातानं हेमिंग करायची, कोपऱ्यावर पाकिटासारखी घडी. कड गोल कापली असेल तर मात्र सरळ काठ झोल देतो, तिथं उरेब म्हणजे तिरपी कापलेली पट्टी लागेल. आणि वावराच्या पानाला कड बंद करायलाच पायजे असं नाही, जाड दोऱ्यानं काजाचा टाका घालून दोरे तसेच लोंबते ठेवले तरी शोभते.

मागच्या अस्तरावर चिठ्ठी हवीच, हे टाळू नका. टोपीच्या कापडाचा तुकडा, त्याच्यावर महिना, साल, गाव, आणि कोणाचं लुगडं, कोणाची झूल, कोणत्या वावरातला कापूस हे दोन ओळीत. समोरचं चित्र पाहून कोणालाही सुंदर म्हणता येते, पण हे कापड कोणाचं होतं हे फक्त मागच्या चिठ्ठीतून कळते आणि घरातली माणसं पान हातात घेतल्याबरोबर आधी तेच उलटून पाहतात.

ठेवायचं कसं. प्लास्टिकची फाईल फक्त न्यायआणायला, कायम त्याच्यात बंद ठेवलं तर पावसाळ्यात आत घाम धरून बुरशी येते. एकावर एक सपाट ठेवा, मधात जुनी सुती साडी, पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला. धुवायचं नाही, धूळ आली तर झटकून घ्या. सरकीसकट कापूस लावला असेल तर आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्यायचा, नाहीतर सरकीत किडा राहतो आणि तो बाकीच्या पानांत फिरतो. भिंतीवर लावायचं असेल तर मागच्या वरच्या कडेला तीन बोटं रुंद पट्टीची नळी शिवा आणि त्यात पऱ्हाटीची म्हणजे कपाशीच्या झाडाची सरळ काडी घाला, दोन्ही टोकाला सुतळी बांधली की खिळ्याला लटकते, आणि दर महिन्याला पान बदललं तरी काडी तीच राहते.